आधी पाणी जोखा, मग लेन्स

नाशिकजवळची देवळाली म्हटलं की बहुतेकांना तोफखान्याची शाळा आठवते. मत्स्यशास्त्राच्या अभ्यासकांना मात्र या नावाबरोबर एक छोटासा मासा आठवतो. १९३८ साली होरा आणि मिश्रा या शास्त्रज्ञांनी देवळालीच्या माशांवरच्या लेखमालेत त्याचं पहिलं वर्णन केलं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे एस. एच. प्रॅटर यांच्यावरून त्याला ‘पॅराप्सिलोऱ्हिंकस प्रॅटेरी’ हे नाव मिळालं. इंग्रजीत त्याला ‘देवळाली मिनो’ म्हणतात. त्याची ओळख दारणा नदीच्या या परिसराशी जोडलेली आहे आणि जागतिक लाल यादीत तो ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून नोंदला गेला आहे.

संग्रहालयातल्या बाटलीत मासा रंग हरवतो. त्याचे पर अंगाला चिकटतात, डोळे पांढुरके होतात. जिवंतपणी तो दगडाला कसा बिलगतो, प्रवाहाकडे तोंड करून कसा टिकतो, त्याच्या कडेच्या पट्ट्यावर ऊन पडलं की कोणता रंग चमकतो, हे बाटलीतून कळत नाही. ते कळायला कॅमेरा पाण्यात शिरावा लागतो आणि जिवाच्या अगदी जवळ जावा लागतो. पाण्याखालचं मॅक्रो छायाचित्रण म्हणतात ते हेच. नाशिकला समुद्र नसला तरी या कलेची गरज नाशिकला आहे, ती अशी.

या वाटेला लागणारा प्रत्येक जण लवकरच एका प्रश्नापाशी थांबतो. एकाच नाभीय अंतराची, म्हणजे फिक्स्ड लेन्स घ्यावी, की झूम? जमिनीवर हा प्रश्न आवडीनिवडीचा असतो. चूक झाली तर पिशवी उघडून लेन्स बदलता येते. पाण्यात तशी सोय नाही. कॅमेरा हाउसिंगमध्ये, म्हणजे जलरोधक पेटीत बंद झाला की त्या बुडीपुरता निर्णय पक्का होतो. समोर बोटाच्या पेराएवढी समुद्री गोगलगाय आली काय किंवा हातभर लांबीची माखूल आली काय, जी लेन्स लावली तिच्यावरच भागवावं लागतं. म्हणून या प्रश्नाचा आढावा नीट घ्यायला हवा. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो: या निवडीत पहिला मान लेन्सच्या गुणांचा नसतो, आपण ज्या पाण्यात उतरणार त्या पाण्याचा असतो.

सपाट काचेचा हिशेब

हाउसिंगमध्ये लेन्ससमोर जी काच असते तिला पोर्ट म्हणतात. मॅक्रोसाठी ती बहुधा सपाट असते. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ असल्यामुळे सपाट काचेतून पाहताना पाण्यातली वस्तू खऱ्या अंतराच्या तीन चतुर्थांश अंतरावर भासते. विहिरीचा तळ वर आलेला दिसतो, त्याचं कारण हेच. २० सेंटिमीटरवरचा खेकडा लेन्सला १५ सेंटिमीटरवर दिसतो.

यावरून एक समज रूढ झाला आहे, की पाण्यात मॅक्रो लेन्स आपोआप एक तृतीयांश जास्त मोठं चित्र देते. लांबच्या वस्तूंबाबत तो खरा आहे, कारण दृश्यकोन आवळला जातो. लेन्स तिच्या सर्वांत जवळच्या बिंदूवर फोकस केलेली असेल तेव्हा तो खरा नाही. काचेमुळे वस्तू पुढे सरकल्यासारखी भासते, पण तिची रुंदी वाढत नाही. म्हणून हवेत १:१ असलेली लेन्स पाण्यातही १:१ च राहते. फायदा होतो तो मोकळ्या जागेचा. जिथे हवेत पोर्टपासून १२ सेंटिमीटरवर जावं लागलं असतं, तिथे पाण्यात १६ सेंटिमीटरवरून काम होतं.

१:१ म्हणजे काय तेही स्पष्ट करून घेऊ. जीव खऱ्या आकारातच सेन्सरवर उमटणं म्हणजे १:१. फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो, म्हणून १:१ वर चौकटीत तेवढाच भाग मावतो. एपीएस-सी कॅमेऱ्यात साधारण २४ बाय १६ आणि फोर थर्ड्‌स प्रकारात १७ बाय १३ मिलिमीटर. दोन सेंटिमीटरची समुद्री गोगलगाय पहिल्या चौकटीत आरामात बसते, दुसरीत काठोकाठ येते आणि तिसरीसाठी थोडं मागे सरकावं लागतं.

आणखी एक गोष्ट लेन्स निवडण्याआधी मनात पक्की हवी. सुस्पष्टतेची खोली, म्हणजे चित्रात पुढून मागे जेवढा भाग रेखीव येतो ती, लेन्स ६० मिलिमीटरची आहे की १०५ ची यावर फारशी अवलंबून नसते. जिवाचा चित्रातला आकार आणि लेन्सचं छिद्र, म्हणजे अपर्चर, सारखं ठेवलं तर खोलीही जवळपास सारखीच राहते. फुल फ्रेमवर १:१ ला एफ/१६ ठेवलं तर ती हवेत सुमारे २ मिलिमीटर असते, सपाट पोर्टमागून पाण्यात अडीचच्या आसपास. छिद्र आणखी बारीक करत गेलं की विवर्तनामुळे सगळंच चित्र मऊ पडू लागतं. त्यामुळे ‘अमुक लेन्सला खोली जास्त मिळते’ हा मुद्दा निवडीतून वगळावा. लेन्सगणिक खरोखर बदलतात त्या तीन गोष्टी: जिवापासूनचं अंतर, मागची पार्श्वभूमी आणि चौकट बदलण्याची मुभा.

थोडा इतिहास

पाण्याखालच्या छायाचित्रणाचा पाया फ्रान्समध्ये लुई बुताँ यांनी १८९३ साली घातला. ही कला सर्वसामान्य पाणबुड्यांच्या हाती आली ती १९६३ साली आलेल्या निकोनॉस कॅमेऱ्यामुळे. कॅमेराच जलरोधक असल्याने त्याला वेगळी पेटी लागत नसे. त्यात लेन्समधून बघायची सोय नव्हती. मग जवळची छायाचित्रं घ्यायची कशी? लेन्सच्या मागे ठरावीक लांबीची नळी लावायची आणि पुढे धातूची एक चौकट बसवायची. जीव त्या चौकटीत आला की तो फोकसमध्येही आला आणि चित्रातही मावला. अंतर ठरलेलं, आकार ठरलेला. पाण्याखालच्या मॅक्रोचं पहिलं बाळकडू असं फिक्स्ड लेन्सचं होतं.

१९९२ साली निकॉनने निकोनॉस आरएस आणला. यात लेन्समधूनच दिसायचं. त्याच्या लेन्सच्या छोट्या संचात २० ते ३५ मिलिमीटरची झूम होती, पण ती रुंद दृश्यांसाठी. मॅक्रोसाठी दिली होती ५० मिलिमीटरची फिक्स्ड लेन्स. पुढे १९९७ साली निकॉनने ७० ते १८० मिलिमीटरची मायक्रो झूम काढली. ती १:१ च्या पाऊण पटीपर्यंत जायची, आणि झूम कुठेही फिरवली तरी तिचं किमान फोकस अंतर ३७ सेंटिमीटरच राहायचं. मॅक्रो आणि झूम यांचा असा खरा मेळ फार कमी लेन्समध्ये घातला गेला आहे. काही वर्षांनी तिचं उत्पादन थांबलं आणि तिची जागा कुठल्या नव्या झूमने घेतली नाही. २०२१ साली कॅननने आरएफ १०० मिलिमीटर आणली, ती १.४ पटीपर्यंत जाते. त्याच वर्षी निकॉनच्या झेड मालिकेत ५० आणि १०५ मिलिमीटरच्या मॅक्रो आल्या. या सगळ्या फिक्स्ड आहेत.

कंपन्यांचा हा कल समजण्यासारखा आहे. काचांचा एखादा संच एकाच नाभीय अंतरासाठी आणि जवळच्या फोकससाठी बसवणं सोपं असतं. त्याच संचाला लांबचं, जवळचं, रुंद आणि अरुंद हे सगळं करायला लावलं की कुठेतरी तडजोड करावी लागते. बाजारातल्या बऱ्याच झूम लेन्सवर ‘मॅक्रो’ असं लिहिलेलं असतं, पण बहुतेकींची मजल १:१ च्या पाव ते एक तृतीयांशापर्यंतच असते. फुल फ्रेमवर ०.३ पट म्हणजे १२ सेंटिमीटर रुंदीची चौकट. तेवढ्यात खेकडा छान येतो, पण खेकड्याच्या पाठीवरचा बार्नेकल हरवतो.

फिक्स्ड लेन्स: बळ आणि बंधन

फिक्स्ड मॅक्रोमध्ये दोन घराणी आहेत. एक ५० ते ६० मिलिमीटरचं आखूड घराणं, दुसरं ९० ते १०५ मिलिमीटरचं लांब घराणं. निकॉनच्या डीएसएलआर काळातल्या ६० मिलिमीटरच्या लेन्सचं किमान फोकस अंतर १८.५ सेंटिमीटर आहे. हे सेन्सरपासून मोजलेलं. लेन्सच्या पुढच्या टोकापासून जिवापर्यंत १:१ वर जेमतेम ५ सेंटिमीटर उरतात. १०५ मिलिमीटरच्या लेन्सचं तेच अंतर ३१.४ सेंटिमीटर आणि पुढे मोकळी जागा १५ सेंटिमीटरच्या आसपास. पोर्टची काच आणि पाण्याचा हिशेब धरला तर पाण्यात एकीला ५-६ सेंटिमीटरवर जावं लागतं, दुसरीला १८-१९ वर थांबता येतं.

आता हे अंतर म्हणजे रिकामी जागा नव्हे. तिथे पाणी भरलेलं असतं, आणि पाण्यात गाळ, शेवाळाचे कण, प्लवक. स्ट्रोबचा, म्हणजे पाण्याखालच्या फ्लॅशचा, प्रकाश या कणांवर पडून परत लेन्सकडे येतो आणि चित्रावर पांढरे ठिपके सांडतात. जितकं पाणी मधे, तितके कण मधे. १०५ मिलिमीटरची लेन्स ६० च्या मानाने तिपटीहून जास्त पाण्यातून बघते. नितळ पाण्यात याने काही बिघडत नाही. गढूळ पाण्यात तोच फरक चित्र राहणार की जाणार हे ठरवतो.

आखूड लेन्सची अडचणही खरी आहे. जिवाच्या ५ सेंटिमीटरवर पोर्ट नेला की पोर्टचीच सावली त्याच्यावर पडू लागते आणि स्ट्रोबचे हात वळवायला जागा राहत नाही. बिळाच्या तोंडाशी बसणारा गोबी मासा तोवर कधीच आत गेलेला असतो. लांब लेन्स त्याला निवांत राहू देते, प्रकाशाला वाट देते आणि तिच्या अरुंद दृश्यकोनामुळे मागची गर्दी गाळली जाते. पण तिच्यात चौकट लहान आणि हेलकावा मोठा. लाटांच्या झोलात पाणबुड्या पुढेमागे हलत राहतो, आणि जीव चौकटीत सापडेपर्यंत श्वास संपत येतो.

फिक्स्ड लेन्सचा एक गुण मात्र मला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि त्याच्याबद्दल फार कमी बोललं जातं. ती मोजपट्टी असते. लेन्स १:१ वर फिरवायची, फोकस तिथेच बांधून टाकायचा आणि मग फोकसची कडी न फिरवता सगळा कॅमेरा पुढेमागे करून जीव स्पष्ट करायचा. असं घेतलेल्या चित्रात फुल फ्रेमवर चौकटीची रुंदी नेमकी ३६ मिलिमीटर असते, आणि वर पाहिल्याप्रमाणे सपाट पोर्ट हे माप बिघडवत नाही. गोगलगाईने चौकटीचा अर्धा भाग व्यापला तर ती १८ मिलिमीटरची. जिवाला हात न लावता, पकडल्याशिवाय त्याची लांबी मिळाली. झूम लेन्सच्या चित्रातून हे काढता येत नाही, कारण चित्राबरोबर नोंदलं गेलेलं नाभीय अंतर कळलं तरी फोकस कुठे होता ते नेमकं कळत नाही.

या शिस्तीचं एक जुनं उदाहरण नाशिक जिल्ह्याच्याच मातीतलं आहे. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १९१२ साली, ‘अंकुराची वाढ’ हा छोटा चित्रपट केला. कुंडीतल्या वाटाण्याचं रोप टप्प्याटप्प्याने टिपून त्याची वाढ त्यांनी पडद्यावर दाखवली. वाढ दिसायची तर बघणाऱ्याची जागा बदलून चालत नाही. एका ओढ्यातला एकच कोपरा महिन्यामागून महिना टिपणाऱ्याला आजही हेच सूत्र लागू पडतं.

झूम: मुभा आणि तिची किंमत

झूमच्या बाजूने पहिला मुद्दा सोयीचा सांगितला जातो, पण त्याहून मोठा मुद्दा नीतीचा आहे. फिक्स्ड लेन्सवर चौकट बदलायची तर स्वतःच हलावं लागतं. प्रवाळाच्या कडेशी नवखा पाणबुड्या दोन वीत पुढे सरकतो तेव्हा त्याच्या पायांतल्या फिन्स मागे काय मोडतात ते त्याला दिसत नाही. प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, समुद्रघोडेही आहेत. कायदा नसता तरी अनेक वर्षांत वाढलेली फांदी एका चित्रासाठी मोडणं हा गुन्हाच ठरला असता. झूम लेन्स जागेवर राहून चौकट बदलू देते. ज्याचं पाण्यातलं संतुलन अजून पक्कं नाही, त्याने झूम वापरावी हे मी याच कारणासाठी आग्रहाने सांगतो.

दुसरा मुद्दा अनिश्चिततेचा. नव्या जागी पहिल्यांदा उतरताना काय भेटेल हे ठाऊक नसतं. झूम असेल तर माखूल पूर्ण येते, तिचा डोळाही येतो आणि शेजारच्या दगडावरचं समुद्रफूलही येतं. पहिल्या ओळखीच्या बुडीत ही मुभा खूप कामी येते.

तिची किंमत तीन ठिकाणी मोजावी लागते. एक म्हणजे प्रकाश. फिक्स्ड मॅक्रो बहुतेक एफ/२.८ ची असते, साध्या झूमचं लांब टोक एफ/५.६ च्या घरात. मंद उजेडात कॅमेऱ्याला फोकस पकडायला जड जातं आणि फोकससाठी वेगळा दिवा लागतोच. दुसरी म्हणजे पोर्टची लांबी. बऱ्याच झूम फिरवताना लांब-आखूड होतात. लांब टोकाला जुळेल असा पोर्ट घेतला, तर आखूड टोकाला लेन्स काचेपासून मागे राहते आणि चित्राचे कोपरे काळे पडतात. शिवाय झूमची कडी पेटीबाहेरून फिरवायला वेगळं चाक बसवावं लागतं, म्हणजे एक जोड वाढला. तिसरी म्हणजे मजल, जी १:१ च्या बरीच अलीकडे थांबते.

छोट्या कॅमेऱ्यांनी मात्र या हिशेबात मोठी उलथापालथ केली आहे. ऑलिंपसचा टीजी-६ २०१९ साली आला, त्याचा पुढचा टीजी-७ २०२३ साली. त्यांच्यात २५ ते १०० मिलिमीटरच्या तोडीची झूम आहे, पेटीशिवाय ते १५ मीटरपर्यंत चालतात, आणि त्यांची मायक्रोस्कोप पद्धत लेन्सपासून अवघ्या १ सेंटिमीटरवर फोकस करते. सेन्सर लहान असल्याने मोठ्या कॅमेऱ्याचा तपशील त्यात नाही. पण लेन्स आणि जीव यांच्यामध्ये पाणीच उरत नाही, ही गढूळ पाण्यात फार मोठी गोष्ट आहे. झूम आणि अतिजवळचा फोकस यांचा मेळ महागड्या लेन्सना जमला नाही, तो इथे खिशात मावणाऱ्या डबीत बसला.

मधला मार्ग: बाहेरून लावायची लेन्स

फिक्स्ड आणि झूम यांच्यामधली भिंत खऱ्या अर्थाने पाडली ती वेट लेन्सने. ही पोर्टच्या बाहेर, पाण्यातच लावायची आणि काढायची असते. साधं भिंग पाण्यात नेलं की त्याची ताकद बरीच घटते, कारण काच आणि पाणी यांच्या अपवर्तनांकांत फारसं अंतर नाही. म्हणून या लेन्समध्ये काचांच्या मधे हवा कोंडलेली असते. बिजागरीच्या पकडीत बसवली की एका बोटाने ती पोर्टसमोर आणता येते, दुसऱ्या क्षणी बाजूला करता येते.

तिचं गणित सोपं आहे. मूळ लेन्स अनंतावर फोकस केली असता मिळणारा आकार म्हणजे नाभीय अंतराचे मीटर गुणिले डायॉप्टर, म्हणजे वेट लेन्सची ताकद. १० डायॉप्टरची वेट लेन्स ४२ मिलिमीटरवर ठेवलेल्या साध्या झूमसमोर आणली तर ०.४२ पट आकार मिळतो. फोर थर्ड्‌स सेन्सरवर ती चौकट ४ सेंटिमीटरच्या जरा वर भरते. कॅमेऱ्याबरोबर आलेल्या झूमने एवढं साधलं तर ती वाईट सुरुवात नाही. तीच वेट लेन्स १०० मिलिमीटरच्या मॅक्रोसमोर अनंतावरच १ पट देते, आणि फोकस जवळ आणला की त्यापुढे जाते. म्हणजे वेट लेन्सचा लाभ लांब नाभीय अंतराला जास्त होतो. तिची अट एकच: १० डायॉप्टर लावल्यावर जास्तीत जास्त १० सेंटिमीटरवरचंच स्पष्ट दिसतं, त्यापलीकडचं सगळं धूसर.

त्यामुळे खरी निवड आता चार जोड्यांमधली आहे: छोटा कॅमेरा, झूम अधिक वेट लेन्स, आखूड फिक्स्ड, आणि लांब फिक्स्ड अधिक वेट लेन्स. यांतलं कोणतं घ्यायचं, ते आपलं पाणी सांगतं.

आपली पाणी

नाशिककरासाठी सर्वांत जवळचं पाणी सह्याद्रीच्या ओढ्यांचं. पावसाळ्यात ते लाल-तांबडं असतं. पाऊस ओसरला, दिवाळीच्या सुमारास ते निवळू लागलं की काळ्या पाषाणावरून वाहणाऱ्या गुडघाभर पाण्यात विलक्षण जग दिसतं: चतुरांची पिल्लं, गोड्या पाण्यातली कोळंबी, पाणकिडे, आणि दगडाला चिकटून राहणारा मळ्या. कर्नल साइक्स यांनी १८३९ साली दख्खनच्या माशांचं वर्णन करताना या माशाला इथलंच नाव दिलं. शास्त्रात तो आजही ‘गॅरा मुल्या’ आहे. इथे पाणी उथळ, जीव लहान, हालचाल प्रवाहाची. श्वसनाची उपकरणं लागत नाहीत, कडेच्या दगडावर पालथं पडून कॅमेरा पाण्यात धरता येतो. इथे आखूड फिक्स्ड किंवा छोटा कॅमेरा उत्तम. लांब लेन्सला इथे मागे सरकायला जागा नाही. धरणाखालच्या पात्रात मात्र पाणी सोडण्याच्या वेळा विचारल्याशिवाय उतरू नये.

दुसरं पाणी ओहोटीच्या खळग्यांचं. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या उपक्रमाने २०१७ पासून मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यांवरचं जीवन लोकांना दाखवायला सुरुवात केली. हाजीअलीसारख्या गजबजलेल्या जागी प्रवाळ, समुद्रफुलं आणि रंगीत समुद्री गोगलगाई राहतात हे त्यामुळे हजारोंना कळलं. नाशिकहून तिथे जाऊन दिवसात परत येता येतं. जाताना तिथी बघावी. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटी खोलवर जाते आणि एरवी बुडालेले खळगे उघडे पडतात. खळग्यात वाकून, वीतभर पाण्यात काम करायचं असल्याने इथे जलरोधक छोटा कॅमेरा कोणत्याही महाग जोडीपेक्षा सरस ठरतो.

तिसरं पाणी मालवणचं. १९८७ साली घोषित झालेलं मालवण सागरी अभयारण्य आणि तारकर्लीची राज्य पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा संस्था यांमुळे महाराष्ट्रातले बहुतेक पाणबुडे इथेच घडतात. पावसाळ्यात पाणी बंद, ऑक्टोबर ते मे हा हंगाम. नद्यांनी आणलेला गाळ आणि उथळ तळ यामुळे पाणी बऱ्याचदा धूसर असतं. इथे तिथीचा हिशेब उलटा करावा. अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस असतात, भरती-ओहोटीचा जोर कमी असतो, तळ कमी ढवळतो आणि पाणी त्यातल्या त्यात निवळतं. मालवणसाठी माझी शिफारस आखूड फिक्स्ड लेन्सची, आणि पहिल्या दहा-बारा बुड्यांसाठी झूम अधिक वेट लेन्सची. १०५ मिलिमीटर इथे वाईट नाही, पण तिच्यासाठी चांगल्या दिवसाची वाट पाहावी लागते.

चौथं पाणी नितळ: लक्षद्वीप, अंदमान. तिथे वीसेक सेंटिमीटर पाणी मधे आलं तरी काही बिघडत नाही. लांब फिक्स्ड लेन्सचं खरं माहेर तेच. बुजरे मासे, लपलेली कोळंबी, मागे निळा काळोख, हे सगळं तिच्याच हाती लागतं. पण वर्षातून एकदा होणाऱ्या सहलीसाठी उरलेल्या अकरा महिन्यांची लेन्स निवडणं मला पटत नाही.

खरेदीआधी एक परीक्षा

दुकानात लेन्स लावून भिंतीवरचं कॅलेंडर टिपल्याने पाण्याबद्दल काहीच कळत नाही. घरच्या मत्स्यपेटीत मात्र कळतं. पेटीची काच हीच सपाट पोर्ट. त्यात दहा रुपयांचं नाणं काचेला समांतर उभं करावं. नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर. फुल फ्रेमवर १:१ ला ते चौकटीच्या रुंदीचा बरोबर पाऊण भाग व्यापतं. आधी पेटी कोरडी ठेवून टिपावं, मग पाणी भरून. दोन्ही वेळा पाऊणच भाग व्यापलेला दिसेल. फक्त नाणं काचेपासून थोडं लांब न्यावं लागेल. सपाट काचेचा हिशेब असा स्वतःच्या डोळ्यांनी पटतो.

मग पेटीतलं पाणी काढून नदीचं एक बादली पाणी त्यात ओतावं. नाणं काचेपासून ५ सेंटिमीटरवर ठेवून टिपावं, नंतर १८ वर. पेटीच्या वरून, थोडा तिरका दिवा धरावा. नाण्यावरची अक्षरं किती पुसट होतात, किती ठिपके उजळतात ते शेजारी शेजारी ठेवून पाहावं. आपल्या पाण्याला किती लांबीची लेन्स सोसेल, हे इतकं स्पष्ट दुसरं काहीही सांगत नाही. लेन्स मित्राची उसनी असली तरी ही परीक्षा होते.

दारणेच्या काठी

एवढ्या आढाव्यानंतर मी सुरुवातीच्या माशाकडे परत येतो. त्याच्यासाठी मी कोणती लेन्स नेईन? आखूड फिक्स्ड, आणि फोकस १:२ वर बांधलेला. फुल फ्रेमवर त्या चौकटीत ७२ बाय ४८ मिलिमीटर मावतात, छोट्या माशाला ते पुरेसे आहेत. मधे पाणी कमी राहील, म्हणून दारणेचा गाळ आड येणार नाही. आणि चित्राबरोबर त्याचं मापही हाती येईल, त्याला पाण्याबाहेर न काढता. तो बुजेल हे खरं. त्यावर लेन्सकडे उपाय नाही, माणसाकडे आहे: दगडाशेजारी कॅमेरा ठेवून हलायचं थांबायचं. ओढ्यातले मासे पळून फार लांब जात नाहीत. पाणी शांत झालं की आपल्या दगडापाशी परततात.